अमेरिकेतल्या शेतकऱ्याचे ते ‘५२ लाख’

गेले काही महिने व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. ‘अमेरिकेतला शेतकरी राजा, आपला भिकारी. का?’ असा मथळा, खाली बंगल्याएवढ्या ट्रॅक्टरचा फोटो आणि मग मुद्द्यांची माळ. अमेरिकन सरकार प्रत्येक शेतकऱ्याच्या खात्यात वर्षाला ५२ लाख रुपये टाकतं, आपलं सरकार २४ हजार. तिथे कागदपत्रं नाहीत, चकरा नाहीत. शेती केली नाही तरी पैसे मिळतात. सगळा माल सरकार ठरलेल्या भावाने उचलतं. विमा फुकट. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्यावर कर्ज नाही आणि ‘आजवर एकाही अमेरिकन शेतकऱ्याने आत्महत्या केलेली नाही’. शेवटी नेहमीचं: खरा शेतकरीपुत्र असशील तर वीस ग्रुपवर पाठव.

मला हा मजकूर पाठवला चुलतभावाने. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्यात त्याची कापूस-तुरीची शेती. खाली एकच ओळ: “ताई, तू तं तिथंच रायते ना, मंग सांग बरं, खरं हाये का हे?”

मी इलिनॉय राज्यात मॅक्लीन काउंटीत राहते. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. आमच्या गावाचा शेवटचा सिग्नल ओलांडला की मका सुरू होतो. उत्तरेला लागून लिव्हिंगस्टन काउंटी, तिथे तर मका, सोयाबीन, पवनचक्क्या आणि मधूनमधून एखादं गाव. मी शेती करत नाही, विमा कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसते. पण शेजारच्या टेबलावरचा सहकारी लिव्हिंगस्टनच्या शेतकरी घरातला आहे आणि त्याच्या वडिलांची सरकारी कागदांची फाइल मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून चाळलेली आहे. भावाला मी घरच्या ग्रुपवर चार ओळींत उत्तर दिलं. त्यावर एका काकांनी लिहिलं, “अमेरिकेत बसून आपल्या शेतकऱ्याला काही मिळू नये असं वाटणारे पुष्कळ आहेत.” मग म्हटलं, आता नीटच लिहू.

‘प्रत्येक शेतकऱ्याला वर्षाला ५२ लाख’

हा आकडा कुणाच्या डोक्यातून निघालेला नाही, म्हणूनच तो जास्त फसवतो. दिल्लीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेडमध्ये डब्ल्यूटीओचा, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा, अभ्यास करणारं केंद्र आहे. त्यांच्या मांडणीत अमेरिकेचा आकडा होता दर शेतकऱ्यामागे ६१,२८६ डॉलर (२०१६ चा) आणि भारताचा २८२ डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरून गुणा: ५२ लाख आणि २४ हजार. जिनिव्हात डब्ल्यूटीओच्या वाटाघाटींत भारताने हे आकडे वापरले आणि वाटाघाटीसाठी ते योग्यच होते. श्रीमंत देश आपल्याला सबसिडी कमी करा म्हणून उपदेश करतात, त्यांच्या तोंडावर मारायला असा आकडा हवाच. पण तिथे शब्द होता ‘देशांतर्गत सहाय्य’. व्हॉट्सॲपवर येईपर्यंत त्याचे ‘खात्यात जमा’ झाले.

आता हे सहाय्य कशाचं? अमेरिकेने डब्ल्यूटीओला स्वतः कळवलेला हिशेब उघडला की सगळा उलगडा होतो. २०१६ चं एकूण सहाय्य १३५ अब्ज डॉलरच्या आसपास. त्यातले शंभर अब्जांच्या घरातले डॉलर हे अन्नमदतीचे आहेत. म्हणजे गरिबांना किराणा घेण्यासाठी मिळणारं सरकारी कार्ड, ज्याला इथे स्नॅप म्हणतात (जुनं नाव फूड स्टॅम्प), शाळेतलं दुपारचं जेवण, बाळंतिणींचा आणि तान्ह्या मुलांचा आहार. २०२४ मध्ये चार कोटींच्या वर लोक दर महिन्याला हे कार्ड वापरत होते. आमच्या गावातल्या सुपरमार्केटच्या गल्ल्यावर रोज दिसतं: बाईने दूध, ब्रेड, शेंगदाण्याचं बटर, कोंबडीचं पाकीट पट्ट्यावर ठेवलं, कार्ड ओढलं, साबण आणि कागदी रुमालांचे पैसे वेगळे नोटांनी दिले, कारण ते त्या कार्डावर चालत नाहीत. हा खर्च अमेरिकेच्या कृषी खात्यातून होतो, एवढाच त्याचा शेतीशी संबंध. पुण्यातल्या रेशन दुकानात वाटलेला सगळा तांदूळ भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला मिळालेला पगार म्हणून मोजावा, तसला हा प्रकार.

अन्नमदत वजा केली की उरतात पस्तीसेक अब्ज. त्यातही संशोधन, रोगनियंत्रण, तपासणी, विस्तार सेवा, विम्याच्या हप्त्यातला सरकारी वाटा असं बरंच काही. शेतकऱ्यांना प्रत्यक्ष दिलेली रक्कम त्या वर्षी होती साधारण १३ अब्ज डॉलर. शेतं वीस लाखांच्या वर. भागाकार करा: सव्वासहा हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे पाच-सव्वापाच लाख रुपये. एक शून्य जवळजवळ गळून पडलं.

आणि तेही सरासरीने. अमेरिकेत वर्षाला हजार डॉलरचा माल विकला किंवा विकता आला असता, तरी ते कृषी खात्याच्या लेखी ‘शेत’ ठरतं. त्यामुळे वीस लाखांत हौशी घोडेवालेही आले. यातल्या साधारण एक तृतीयांश शेतांनाच सरकारी पैसा मिळतो. भाजीवाला, फळवाला, कोंबड्या-डुकरं पाळणारा, यांच्यासाठी मका-गहू-कापसासारख्या नेमाने येणाऱ्या पीकयोजना नाहीत. ज्यांना मिळतो त्यांच्यातही वाटणी कशी, हे एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप नावाची संस्था गेली कित्येक वर्षं काउंटीवार नावानिशी छापते. १९९५ पासूनच्या पीक-अनुदानांचा अठ्ठ्याहत्तर टक्के पैसा वरच्या दहा टक्के लाभार्थ्यांकडे गेला, हा त्यांचा हिशेब. लिव्हिंगस्टनसारख्या काउंटीत फिरताना हे कळायला संस्था लागत नाही. अनुदान एकरावर मिळतं. ज्याचे एकर जास्त, त्याचा चेक मोठा, आणि त्या चेकच्या जोरावर तो पुढच्या वर्षी शेजाऱ्याचे एकर जास्त खंड देऊन उचलतो.

आता कबूल करायची गोष्ट. पाच लाख घ्या, चार घ्या, पीएम-किसानच्या सहा हजारांपुढे आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे सहा मिळवून होणाऱ्या बारा हजारांपुढे ती रक्कम डोंगराएवढीच आहे. मजकुराच्या मुळाशी जी चीड आहे ती खोटी नाही. फक्त एकरी हिशेब एकदा मांडून बघावा. अमेरिकेतलं सरासरी शेत साडेचारशे एकरांच्या पुढचं. थेट मिळणारा पैसा एकरी हजार-बाराशे रुपये पडतो. महाराष्ट्रात सरासरी जमीन तीन-सव्वातीन एकर. बारा हजार रुपये तिथे एकरी साडेतीन हजारांच्या पुढे जातात. यावरून आपला शेतकरी सुखी आहे असं कुणी काढू नये, पोट एकराला नसतं, माणसाला असतं. पण ‘त्यांना एवढं, आपल्याला एवढंसं’ ही तुलना मोजपट्टी न सांगता केली, की कुठलाही आकडा कुठेही नेता येतो.

एक वर्ष मात्र अपवादाचं, ते लपवत नाही. २०२० मध्ये थेट अनुदान ४६ अब्ज डॉलरच्या आसपास गेलं. चीनशी व्यापारयुद्ध आणि पाठोपाठ कोविड. २०१८ च्या जुलैत चीनने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के आयातकर लावला, गिऱ्हाईक तुटलं, आणि सरकारने भरपाई म्हणून सोयाबीनला बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट दिले. मक्याला किती? एक सेंट. बुशेल म्हणजे मक्याचे साधारण साडेपंचवीस किलो. त्यामागे एक सेंट, म्हणजे तेव्हाच्या दराने सत्तरेक पैसे. सहकाऱ्याचे वडील ती पावती अजून फाइलमध्ये वरच ठेवतात. विचारलं तर म्हणाले, हसायला लागते कधीकधी. पुढे २०२४ पर्यंत हा थेट पैसा दहा अब्जांच्या आसपास उतरला, आणि २०२५ मध्ये आयातकरांचं तेच नाटक पुन्हा सुरू झाल्यावर डिसेंबरात १२ अब्जांची नवी मदत जाहीर झाली. म्हणजे सरकार आधी बाजार मोडतं, मग मोडल्याचे पैसे देतं. याला राजेपण म्हणायचं असेल तर म्हणा.

‘आजवर एकाही शेतकऱ्याने आत्महत्या केलेली नाही’

बाकी सगळं सोडून दिलं असतं. हे वाक्य सोडवत नाही.

हे वाक्य यवतमाळच्या ग्रुपवर फिरतंय. ज्या जिल्ह्यात जवळपास प्रत्येक गावात असं एखादं घर आहे, तिथल्या माणसांना हे सांगतंय की इतरत्र असं होतच नाही. खात्यात पैसे नाहीत म्हणून होतं, पैसे आले की थांबेल. दोन्ही गोष्टी खोट्या.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, २०२० च्या जानेवारीत व्यवसायवार अहवाल प्रसिद्ध केला. ३२ राज्यांतली २०१६ ची नोंद. काम करणाऱ्या वयाच्या पुरुषांत आत्महत्येचं प्रमाण लाखामागे २७.४. शेतकरी, पशुपालक आणि शेती-व्यवस्थापक पुरुषांत ४३.२. म्हणजे दीडपटीहून जास्त. (इंटरनेटवर लाखामागे ८४ असाही एक आकडा सापडेल. तो सीडीसीच्याच २०१६ च्या अभ्यासातला, वर्गवारी चुकल्याने त्यांनी २०१८ मध्ये मागे घेतला. तो कुणी माझ्या तोंडावर फेकू नये म्हणून आधीच सांगते.)

आणि हे पैसे मिळत असताना. १९८० च्या दशकात इथे जे झालं ते आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. सत्तरच्या दशकात सरकार आणि बँका दोघंही सांगत होते, जमीन घ्या, यंत्रं घ्या, सगळं जग तुमचं धान्य खाणार आहे. मग महागाई मोडायला व्याजदर आभाळाला नेले, निर्यात बसली, जमिनीचे भाव कोसळले. ज्या जमिनीवर कर्ज, तिची किंमत कर्जाहून कमी. मध्य-पश्चिमेतल्या काउंटी-काउंटीत कोर्टाच्या पायऱ्यांवर शेतांचे लिलाव झाले. १९८५ च्या डिसेंबरात आयोवात एका कर्जबुडीत शेतकऱ्याने बायकोला, बँकेच्या अध्यक्षाला आणि एका शेजाऱ्याला गोळ्या घातल्या, मग स्वतःला संपवलं. १९८६ मध्ये संसदेला शेतकऱ्यांसाठी दिवाळखोरीचं वेगळं प्रकरणच कायद्यात घालावं लागलं, ‘चॅप्टर १२’. आणि त्याच १९८६ मध्ये पीकयोजनांवरचा सरकारी खर्च तोवरच्या विक्रमी पातळीला, २५ अब्ज डॉलरच्या वर होता. पैसे वाहत होते आणि माणसं मरत होती, एकाच वर्षी, एकाच काउंटीत.

‘कर्ज नाही’ हा मुद्दा याच्यातच निकालात निघतो. अमेरिकन शेतीवरचं एकूण कर्ज आज पाचशे अब्ज डॉलरच्या वर आहे. फोटोतला तो ट्रॅक्टरही बहुधा हप्त्यावरचाच. कृषी खात्याच्या अर्थसंशोधन विभागाच्या आकडेवारीत सगळी शेतकरी कुटुंबं उत्पन्नाच्या क्रमाने उभी केली, तर मधल्या कुटुंबाचं शेतीतलं उत्पन्न शून्याखाली निघतं. घर चालतं ते नोकरीवर. नवरा शेतात, बायको शाळेत किंवा इस्पितळात, कारण तिथे कुटुंबाचा आरोग्यविमा मिळतो. माझा सहकारी दिवसा आमच्याबरोबर कोड लिहितो आणि ऑक्टोबरात सगळी सुट्टी काढून रात्री दोनपर्यंत कंबाइन चालवतो. भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे आपल्या मास्तरासारखं.” हो, अगदी आपल्या झेडपी मास्तरासारखं.

हे सगळं कुणाचं दुःख मोठं हे ठरवायला लिहीत नाही. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या अहवालात देशात शेती करणारे आणि शेतमजूर मिळून ११,२९० आत्महत्या, त्यातल्या ४,२४८ महाराष्ट्रातल्या. या आकड्यापुढे अमेरिकेचा कुठलाच आकडा उभा राहत नाही. पण ज्याच्या घरी हे घडलं त्याला ‘अमेरिकेत एकही नाही’ हे खोटं सांगून कुणाचं काय भलं होतं, ते मला त्या मजकुराच्या लेखकाला विचारायचंय.

‘शेती न करण्याचे पैसे मिळतात’

अर्धं खरं. आणि जे अर्धं खरं आहे ते मजकुरात लिहिलंय त्याहून जास्त लाजिरवाणं आहे.

आधी खोटा भाग. आज पड जमिनीचे पैसे मिळतात ते मुख्यतः सीआरपी या जमीन-संवर्धनाच्या योजनेत, १९८५ च्या शेती कायद्यातून आलेल्या. उतारावरची, धुपणारी जमीन दहा ते पंधरा वर्षं पिकातून काढायची, त्यावर गवत किंवा झाडं लावायची, सरकार त्याचं भाडं देतं. देशभरात अडीच कोटी एकरांच्या आसपास जमीन यात आहे. तिथे परवानगीशिवाय गवत कापता येत नाही, गुरं सोडता येत नाहीत. मध्येच करार मोडला तर आतापर्यंतचं सगळं भाडं व्याजासकट परत. तीसच्या दशकात धुळीच्या वादळांनी अख्खी राज्यं उडाली होती, त्याची ही धास्ती आहे. आळशाचा पगार नाही.

१९३३ मध्ये मात्र भाव चढावेत म्हणून उभा कापूस नांगरून टाकायचे पैसे दिले गेले होते, एक कोटी एकरांचे. साठ लाख डुकरांची पिल्लं कापली. त्या साली शहरांत लोक भाकरीसाठी रांगा लावत होते. भाव पाडायला निर्यातबंदी करणारं सरकार आणि भाव चढवायला पीक नांगरणारं सरकार, दोन्हींची अक्कल एकाच दुकानातली.

आता खरा भाग. १९९६ पासून अनुदानाचा एक प्रकार असा आला की त्याचा पेरणीशी संबंधच तोडला. पूर्वी त्या जमिनीवर काय पिकायचं, त्या नोंदीवर पैसे. आज काय पेरलं, पेरलं की नाही, विचारायचं नाही. २००६ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने शोधून काढलं की २००० पासून १.३ अब्ज डॉलर अशा लोकांना गेले जे शेतीच करत नाहीत. टेक्सासमध्ये एकेकाळी भात पिकायचा तिथे प्लॉट पडले, बंगले झाले, आणि मागच्या अंगणातल्या लॉनच्या मालकाला भाताचं अनुदान मिळत राहिलं. त्याने मागितलंही नव्हतं. हा प्रकार २०१४ च्या कायद्याने थांबवला, पण जुन्या नोंदीवर, म्हणजे ‘बेस एकर’वर, पैसे देण्याची पद्धत आजही आहे.

खंडाने करणाऱ्याचं काय? अमेरिकेतली चाळीस टक्क्यांच्या आसपास शेतजमीन खंडाने कसली जाते. कायद्याने रोख खंडाच्या जमिनीचं अनुदान कसणाऱ्याला मिळतं. मग शिकागोत राहणारी मालकीण पुढच्या वर्षी खंड वाढवते आणि ते पैसे तिच्याकडे जातात. इकडे आमच्या भागात चांगल्या जमिनीचा खंड एकरी तीनशे डॉलरच्या वर गेलाय. आपल्याकडे तेवढाही आडपडदा नाही, सातबारावर नाव ज्याचं, पीएम-किसान त्याचं, बटईवाला बाहेर.

‘कागद नाही, चकरा नाहीत’

लिव्हिंगस्टन काउंटीचं मुख्य गाव पाँटिॲक, तिथल्या कृषी कार्यालयातून निघालेली सहकाऱ्याच्या वडिलांची ती फाइल. प्रत्येक शेताचा विमानातून काढलेला नकाशा, बांध पिवळ्या रेघेने आखलेले, प्रत्येक तुकड्याला नंबर आणि एकर शतांशापर्यंत. त्यावर वडिलांच्या थरथरत्या अक्षरात लाल पेनाने मका, सोयाबीन आणि पेरणीची तारीख. १५ जुलैच्या आत हे कार्यालयात नोंदवायचं, फॉर्म ५७८. कुटुंबात कोण किती श्रम आणि पैसा घालतो याचा फॉर्म ९०२ वेगळा. पाणथळ जमीन बुजवली नाही याचं लेखी वचन वेगळं. दर वर्षी कुठली योजना निवडणार त्यावर सही. एवढं करून पैसे कधी? शरदात काढलेल्या पिकाचे, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. तेही ‘बेस एकर’च्या ८५ टक्क्यांवरच. तलाठ्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा हे बरं, ते मान्य. टेबलाखालून काही द्यावं लागत नाही.

त्यातली एक गंमत. पुष्कळांनी निवडलेली योजना काउंटीच्या सरासरीवर चालते. काउंटीचं एकरी उत्पन्न (उतारा गुणिले भाव) ठरलेल्या रेषेखाली गेलं तर सगळ्यांना पैसे, नाहीतर कुणालाच नाही. तुमच्याच शेतावर गारा पडल्या आणि बाकी काउंटी मजेत असली, तर या योजनेतून दमडी नाही. रस्त्यापलीकडे दुसरी काउंटी लागत असेल तर तिथला गडी चेक घेऊन येतो आणि तुम्ही बघत बसता. आपल्या पीकविम्यात महसूल मंडळाची सरासरी बघतात, त्याची आठवण झाली ना?

‘सगळा माल सरकार उचलतं’

नाही. मका जातो खाजगी कोठारवाल्याकडे, तिथे त्या दिवशीचा भाव. सरकार कायद्यात एक ‘संदर्भ किंमत’ लिहून ठेवतं आणि वर्षाचा सरासरी बाजारभाव त्याखाली गेला तर फरकाची रक्कम देतं. मक्याची ही किंमत कित्येक वर्षं बुशेलला ३ डॉलर ७० सेंट होती. ८५ च्या दराने क्विंटलला साडेबाराशे रुपयेही होत नाहीत. २०२१, २०२२ आणि २०२३ च्या मक्याला बाजारभाव वर राहिल्याने या योजनेतून शून्य मिळालं. २०२५ च्या कायद्याने ती ४ डॉलर १० सेंट केली, तरी चौदाशेच्या आतच. आपला मक्याचा हमीभाव २०२५-२६ साठी २,४०० रुपये. तो हाताला लागत नाही ही तक्रार हजारदा बरोबर, पण ‘तिथे भाव जास्त’ ही नाही.

‘विमा फुकट’

सरकार हप्त्यातला सरासरी बासष्ट टक्के वाटा भरतं, उरलेला शेतकरी. फुकटाच्या जवळ जाणारा विमा महाराष्ट्रात होता, २०२३ च्या खरिपापासून एका रुपयात, आणि २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. इथला विमा आपल्यापेक्षा चांगला चालतो हे मात्र म्हणावंच लागेल. शेताच्या स्वतःच्या दहा वर्षांच्या उताऱ्याची नोंद असते, पंचनामा करणारा माणूस खरंच बांधावर येतो.

आता कापसाबद्दल. हे त्या मजकुरात नाही आणि भावाच्या कामाचं तेवढंच आहे.

अमेरिकेने आपल्या कापूसवाल्यांना दिलेल्या पैशाने जगाचा भाव पाडला, ही तक्रार खरी. २००२ मध्ये ब्राझीलने डब्ल्यूटीओत खटला घातला आणि जिंकला. अमेरिकेने अनुदान सोडलं नाही, उलट २०१० पासून ब्राझीललाच वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायला लागली, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे अमेरिकन करदात्याने आपल्याही कापूसवाल्यांना पैसे दिले आणि ब्राझीलच्याही. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन, चाडसारख्या देशांना आणि विदर्भाला त्यातून काही आलं नाही.

पण तो काळ जाऊन ब्राझील २०२३-२४ मध्ये कापूस निर्यातीत अमेरिकेच्या पुढे गेला. आणि २०२५-२६ च्या हंगामात केळापुरात भाव का पडला, याचं उत्तर अमेरिकेच्या खात्यात शोधायला नको. १९ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीने कापसावरचा ११ टक्के आयातकर काढला, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे दसऱ्याला पहिली वेचणी घरात येण्यापासून ते संक्रांतीच्या तोंडापर्यंत, नेमका आपला माल बाजारात येण्याचा काळ. गिरण्यांना ब्राझील, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, सगळीकडचा कापूस करमुक्त. मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० जाहीर झालेला, बाजारात व्यापारी त्याखाली मागत होते, आणि सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी, मग ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात, बारा टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. भावाने त्या काळात दोन गाड्या व्यापाऱ्यालाच घातल्या.